शाळेच्या प्रथमोपचार पेटीत अहिफेनविषाचा उतारा

विषचिकित्सेत औषधाच्या गुणाइतकेच महत्त्व वेळेला आहे, हे आपणा वैद्यांना निराळे सांगावयास नको. अष्टांगांपैकी अगदतंत्र हे जे स्वतंत्र अंग मानले गेले, त्यामागे हाच विचार आहे. ज्वर, अतिसार वा संधिवाताचा रुग्ण वैद्याच्या दारी येईपर्यंत थांबू शकतो. विषार्ताला तेवढी सवड नसते. म्हणूनच सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा आरंभ रुग्णशय्येपासून न होता राजाच्या पाकशाळेपासून होतो. विष जेथे पोटात जाण्याचा संभव आहे तेथेच जाणता माणूस आणि औषध ही दोन्ही आधीपासून सिद्ध असावीत, हे तत्त्व त्यात गृहीत धरलेले आहे. चरकाचार्यांनी संन्यासाविषयी, म्हणजे गाढ मूर्च्छेविषयी, विवेचन करताना खोल पाण्यात बुडत चाललेल्या भांड्याचा दृष्टांत योजिला आहे. भांडे तळाला टेकण्यापूर्वीच हात घालावा लागतो. या दोन गोष्टी मनात ठेवून एका परदेशी प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न असा की, अमेरिकेतील शाळांच्या परिचारिकांनी अहिफेनवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेवरील नॅलोक्सोन हा उतारा शाळेत बाळगावा काय, आणि प्रसंग आल्यास तो विद्यार्थ्याला स्वतःच्या जबाबदारीवर द्यावा काय? माझे मत प्रथमच सांगून टाकतो. बाळगावा आणि द्यावा. इतकेच नव्हे, तर तो केवळ परिचारिकेच्या कुलूपबंद कपाटात न राहता शाळेतील प्रत्येक जाणत्या हाताला सापडेल असा असावा. या मताची कारणे, त्यावरील आक्षेप आणि आपल्या व्यवसायाला त्यातून घेण्याजोगा बोध, या क्रमाने विचार करू.

आपल्या नियतकालिकात हा विषय का?

अमेरिकेतील शाळांची उठाठेव आपण का करावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याला तीन उत्तरे आहेत. पहिले असे की, अहिफेन हे आपल्याच निघंटूंतील द्रव्य आहे. शार्ङ्गधर, भावप्रकाश आणि पुढील रसग्रंथांतून त्याचा वापर आढळतो. अतिसारावरील कर्पूररस, अहिफेनासव, निद्रोदय रस हे कल्प आपल्या परिचयाचे आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई (१) मध्ये विषारी द्रव्यांच्या यादीत अहिफेनाची नोंद आहे, ती उगीच नव्हे. दुसरे असे की, अफूने बालकांचे प्राण कसे जातात याची स्मृती महाराष्ट्राला आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या मातांना एकेकाळी तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवावे लागे. त्यांतील किती मुले पुन्हा उठली नसतील, याची गणना कोणी ठेवली नाही. तिसरे उत्तर अधिक जवळचे आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले आज न्यू जर्सी, कॅलिफोर्निया वा टेक्सासमध्ये स्थायिक आहेत आणि त्यांची नातवंडे तेथील शाळांतून शिकत आहेत. शाळेकडून नॅलोक्सोनविषयी पत्रक घरी आले की सुनेचा वा लेकीचा दूरध्वनी येतो, “बाबा, ह्यात काही धोका तर नाही ना?” या प्रश्नाला वैद्याने जबाबदार उत्तर द्यावयास हवे.

संकटाचे स्वरूप

अमेरिकेतील हे संकट तीन लाटांत आले. १९९० च्या दशकात वेदनाशामक म्हणून अहिफेनवर्गीय गोळ्या सढळ हाताने लिहून देण्याची प्रथा पडली. १९९६ साली बाजारात आलेली ऑक्सिकॉन्टिन ही गोळी तिचे प्रतीक ठरली. ती बनविणाऱ्या पर्ड्यू समूहातील कंपनीने व्यसनाच्या धोक्याविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ साली न्यायालयात मान्य केला. २०२० साली पर्ड्यूला पुन्हा गुन्हे मान्य करावे लागले. २०१० च्या सुमारास हेरॉइनची दुसरी लाट आली आणि २०१३ पासून संश्लेषित फेंटानिलची तिसरी. फेंटानिल हे मॉर्फिनहून पन्नास ते शंभरपट तीव्र आहे. अमेरिकेच्या अमली द्रव्य नियंत्रण यंत्रणेच्या मते दोन मिलिग्रॅम एवढी मात्राही प्राणघातक ठरू शकते. २०२२ साली अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने त्या देशात सुमारे १ लाख ८ हजार माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ७४ हजार मृत्यूंत मुख्यत्वे फेंटानिलासारख्या संश्लेषित द्रव्यांचा संबंध होता. २०२४ साली एकूण मृत्यूंचा आकडा सुमारे ८० हजारांवर उतरला. हा उतार दिलासादायक असला तरी राहिलेला आकडा लहान नव्हे.

शालेय वयाच्या मुलांचे चित्र आणखी चिंताजनक आहे. १४ ते १८ वयोगटातील अतिमात्रेचे मृत्यू २०१९ साली ४९२ होते. २०२० साली ते ९५४ झाले आणि २०२१ साली ११०० च्या वर गेले. येथे एक बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. या काळात नशा करणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढलेले नव्हते. वाढली होती ती द्रव्याची मारकता. समाजमाध्यमांवरून विकत घेतलेली गोळी दिसावयास वेदनाशामक वा चिंताशामक असते, प्रत्यक्षात ती फेंटानिल मिसळलेली बनावट गोळी असते. मुलाला आपण काय गिळतो आहोत याची कल्पनाच नसते. म्हणजे ज्याला आपण व्यसनी म्हणू अशाच मुलाचा हा प्रश्न राहिलेला नाही. कुतूहलापोटी वा परीक्षेच्या ताणापोटी घेतलेली एक गोळीही अखेरची ठरू शकते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जुलै २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळातील १० ते १९ वयोगटाच्या मृत्यूंचा अभ्यास डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील एक निष्कर्ष वैद्याला अस्वस्थ करणारा आहे. सुमारे दोन तृतीयांश मृत्यूंच्या वेळी जवळपास कोणी ना कोणी होते. परंतु बहुतेक प्रसंगी त्यांच्याकडून उपचाराची कोणतीही कृती झाली नाही. कोठे लक्षण ओळखता आले नाही, कोठे मूल झोपले आहे असे वाटले, कोठे हाताशी उतारा नव्हता.

औषधाची ओळख

नॅलोक्सोन हे नवे औषध नव्हे. त्याचा शोध १९६० च्या दशकारंभी लागला आणि १९७१ साली अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे, तसेच आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीतही ते प्रत्यौषधांच्या गटात आहे. त्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. अहिफेनवर्गीय द्रव्ये मेंदूतील विशिष्ट ग्राहकस्थानांना चिकटतात. श्वसनाचे नियमन करणाऱ्या भागातील ही स्थाने व्यापली गेली की श्वास मंदावतो आणि अखेरीस थांबतो. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, ओठ व नखे निळसर पडतात, घशात घरघर होते, हाक मारून वा हलवून जाग येत नाही. नॅलोक्सोन त्याच स्थानांवर जाऊन मूळ द्रव्याला तेथून हुसकावते; स्वतः मात्र नशाही आणीत नाही आणि श्वासही रोखीत नाही.

२०१५ साली चार मिलिग्रॅमच्या नाकात फवारण्याच्या स्वरूपाला मान्यता मिळाली आणि सुई टोचण्याची गरज उरली नाही. एका नाकपुडीत एक फवारा मारावयाचा. दोन ते तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. मार्ग नाकाचा असल्याने आपल्याला नस्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य मार्गापुरतेच आहे. संन्यासात सांगितलेले तीक्ष्ण प्रधमन इंद्रियांना चेतविते. फेंटानिलाने व्यापलेली स्थाने ते मोकळी करू शकत नाही. म्हणून अशा प्रसंगी त्रिकटूचे प्रधमन करीत मिनिटे दवडणे हे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होईल. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण आपल्या शास्त्रावरील प्रेमाची परीक्षा त्याच्या मर्यादा सांगण्यातही होते.

औषधाची मर्यादाही ध्यानी घ्यावी. त्याचा प्रभाव तीस ते नव्वद मिनिटे टिकतो. शरीरातील विष त्याहून अधिक काळ राहू शकते. मूल शुद्धीवर आले म्हणजे ते वाचले असे नव्हे. त्याला रुग्णालयात न्यावेच लागते. बेंझोडायझेपीन वा झायलाझिन यांवर नॅलोक्सोन चालत नाही. तथापि अहिफेनवर्गीय द्रव्य शरीरात नसताना ते दिले गेले तरी त्यापासून सहसा अपाय होत नाही. आत्ययिक औषधाला याहून मोठा गुण कोणता असावा?

शाळेत हे औषध कसे आले?

अमेरिकेतील राष्ट्रीय शालेय परिचारिका संघटनेने २०१५ सालीच शाळेत नॅलोक्सोन असावे अशी भूमिका घेतली. २०१६ च्या जानेवारीत नाकातील फवाऱ्याच्या उत्पादक कंपनीने माध्यमिक शाळांना ते विनामूल्य देऊ केले. वॉशिंग्टन राज्याने २०१९ साली दोन हजारांहून अधिक विद्यार्थी असलेल्या शालेय जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांना ते बाळगणे बंधनकारक केले आणि २०२४ साली लहान जिल्ह्यांनाही त्या नियमाखाली आणले.

तरीही अनेक ठिकाणी जाग आली ती मृत्यूनंतरच. जानेवारी २०२२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे तेरा वर्षांचा विद्यार्थी शाळेत फेंटानिलाने कोसळला आणि पुढे दगावला. त्या शाळेत नॅलोक्सोन नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरात लॉस एंजेलिसमधील हॉलिवूड भागातील एका शाळेच्या प्रसाधनगृहात पंधरा वर्षांची मुलगी मृतावस्थेत आढळली. तिने घेतलेली गोळी वेदनाशामक म्हणून विकली गेली होती. या घटनेनंतर काही दिवसांतच तेथील शालेय प्रशासनाने आपल्या सर्व शाळांत नॅलोक्सोन ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. मार्च २०२३ मध्ये चार मिलिग्रॅमचा फवारा चिठ्ठीविना विकण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संमती दिली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केंद्रीय शिक्षण विभागाने व अमली द्रव्य नियंत्रण धोरण कार्यालयाने शाळांना पत्र पाठवून हे औषध ठेवण्याचे आवाहन केले.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या निर्णयावर घेतले जाणारे आक्षेप टाकाऊ नाहीत. त्यांची दखल घेतल्याविना मत मांडणे अप्रामाणिक ठरेल.

पहिला आक्षेप असा की, उतारा हाताशी आहे असे कळल्यावर मुले नशा करण्यास धजावतील. २०१८ साली दोन अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी अशाच आशयाचा प्रबंध मांडला होता आणि त्यावर मोठा वाद झाला. पौगंडावस्थेतील मुलांपुरते बोलावयाचे, तर ४४ राज्यांतील माहितीवर आधारलेल्या २०२३ च्या अभ्यासात नॅलोक्सोन सुलभ झाल्याने मुलांतील हेरॉइनचा वा सुईने घेतल्या जाणाऱ्या नशेचा वापर वाढल्याचे आढळले नाही. अनुभवही तेच सांगतो. नॅलोक्सोनने नशा तत्काळ उतरते आणि व्यसनाधीन रुग्णास मळमळ, वांती, घाम, अंगदुखी यांचा तीव्र त्रास होतो. ज्याने तो भोगला तो त्याला मौजेचे साधन मानणार नाही. शिवाय बनावट गोळी गिळणाऱ्या मुलाला आपण विष घेत आहोत हेच ठाऊक नसते. मग उताऱ्याच्या भरवशावर ते धाडस करील हा तर्क कोठे टिकतो? सर्पदंशावरील प्रतिविष ग्रामीण आरोग्य केंद्रात असते म्हणून कोणी शेतकरी नागाच्या बिळात हात घालीत नाही.

दुसरा आक्षेप परिचारिकेच्या बाजूचा आहे. तिच्यावर आधीच शेकडो मुलांचा भार असतो. दम्याचे फवारे, मधुमेही मुलांची इन्शुलिने, अपस्माराचे झटके हे सारे तिच्याच गळ्यात. त्यात ही नवी जोखीम कशाला? शिवाय निदान चुकले तर कायद्याचे काय? या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे उत्तर औषध नाकारणे हे नव्हे. उत्तर आहे तिला वैद्यकीय अधिकाऱ्याचा लेखी स्थायी आदेश, प्रशिक्षण आणि सद्हेतूने केलेल्या कृतीला कायद्याचे संरक्षण देणे. असा मार्ग यापूर्वी चोखाळला गेला आहे. तीव्र ॲलर्जीवरील एपिनेफ्रिनचे इंजेक्शन शाळांनी साठवावे म्हणून राज्यांना उत्तेजन देणारा केंद्रीय कायदा २०१३ साली झाला. नॅलोक्सोन त्याहून वापरावयास सोपे आणि चुकीच्या प्रसंगी कमी अपायकारक आहे. ज्या शाळेने एक स्वीकारले तिने दुसरे नाकारण्यास वैद्यकीय कारण उरत नाही. उरतो तो केवळ संकोच. ॲलर्जी असलेले मूल निरपराध आणि नशेने कोसळलेले मूल अपराधी, ही ती वाटणी होय. वैद्याच्या दृष्टीने मात्र दोघांचाही श्वास सारख्याच मोलाचा.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि विरळ उपयोगाचा. बहुसंख्य शाळांत वर्षानुवर्षे हा फवारा वापरला जाणार नाही, मुदत संपून फेकला जाईल. हे खरे आहे. २०२३ साली चिठ्ठीविना विक्री सुरू झाली तेव्हा दोन मात्रांच्या पेटीची सुचविलेली किंमत सुमारे ४५ डॉलर होती आणि २०२४ साली चार मिलिग्रॅमच्या नारकॅन फवाऱ्याची मुदत तीन वर्षांवरून चार वर्षे करण्यात आली. म्हणजे एका पेटीमागे वर्षाला सुमारे अकरा डॉलर. अग्निशामक नळकांडेही बहुधा न वापरताच बदलले जाते. त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही.

चौथा आक्षेप आपल्या मंडळींकडून ऐकू येतो. हा उपचार लाक्षणिक आहे. निदानपरिवर्जन कोठे आहे? मुलाच्या मनाची पोकळी, कुटुंबातील दुरावा, सद्वृत्ताचा अभाव हे मूळ तसेच राहते. मूळ तसेच राहते हे मान्यच आहे. परंतु निदानपरिवर्जनासाठी रुग्ण जिवंत असावा लागतो. आग विझविणाऱ्याला घर पुन्हा का बांधीत नाहीस, असे आपण विचारीत नाही. आत्ययिक चिकित्सा आणि अनुषंगी चिकित्सा यांचा क्रम आपल्याच शास्त्राने घालून दिलेला आहे. तो क्रम उलटविणे म्हणजे शास्त्रनिष्ठा नव्हे.

केवळ साठा पुरेसा नाही

आता माझ्या मताचा दुसरा भाग. औषध शाळेत आहे आणि तरीही मूल दगावले, असे घडू शकते. प्राणवायूविना मेंदूची हानी चार-पाच मिनिटांतच सुरू होते. तिकडे रुग्णवाहिका येण्यास सरासरी सात मिनिटे आणि ग्रामीण भागात चौदा मिनिटांहून अधिक लागतात, असे एका अभ्यासात दिसून आले. २०१७ च्या पाहणीत अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश शाळांत परिचारिकाच नव्हती आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक शाळांत ती अर्धवेळ होती. अशा स्थितीत ‘हे औषध परिचारिकेनेच द्यावे’ असा नियम केला, तर ती दुसऱ्या शाळेत गेलेली असताना, सायंकाळच्या सामन्याच्या वेळी वा सहलीच्या बसमध्ये औषध असून नसल्यासारखेच. म्हणून पुढील बाबी अगत्याच्या वाटतात.

एक, साठ्याची व प्रशिक्षणाची जबाबदारी परिचारिकेची असावी. देण्याचा अधिकार मात्र प्रशिक्षित शिक्षक, क्रीडाशिक्षक, शिपाई व बसचालक या सर्वांना असावा. दोन, पेटी कुलूपबंद नसावी. तिची जागा सर्वांना ठाऊक असावी आणि ती उन्हात वा गोठणाऱ्या थंडीत नसावी. तीन, फवारा मारण्याआधी वा मारताच रुग्णवाहिकेला दूरध्वनी करणे, कृत्रिम श्वास देणे, मुलाला कुशीवर वळविणे आणि मदत येईपर्यंत त्याला एकटे न सोडणे, हे सारे औषधाइतकेच शिकविले जावे. चार, मुदतीची नोंदवही असावी. पाच, मात्रेचा हव्यास नसावा. बाजारात आठ मिलिग्रॅमचा फवाराही आला आहे. न्यूयॉर्क राज्याच्या पोलिसांनी २०२२-२३ मध्ये चार व आठ मिलिग्रॅमच्या फवाऱ्यांचा जो अनुभव नोंदविला, त्यात वाचण्याचे प्रमाण सारखेच होते; मोठ्या मात्रेने वांती व अन्य त्रास मात्र अधिक झाला. जितके पुरते तितकेच द्यावे, हा मात्राविचार तेथेही खरा ठरला.

सहावी बाब सर्वांत महत्त्वाची. शुद्धीवर आलेल्या मुलाचे पुढे काय? त्याला तत्काळ शाळेतून काढून टाकले, तर पुढच्या वेळी त्याचे मित्र त्याला कोपऱ्यात लपवतील, परिचारिकेला बोलावणार नाहीत. भीतीपोटी दवडलेली ती मिनिटेच मृत्यूची असतात. म्हणून मदत मागणाऱ्याला अभय आणि वाचलेल्याला उपचार, हे धोरण औषधाला जोडूनच आले पाहिजे.

शाळेतील प्रशिक्षणाचा आणखी एक लाभ सहसा बोलला जात नाही. मुलांचे बहुतांश मृत्यू शाळेत नव्हे, घरी घडतात. ज्या मुलाने वर्गात लक्षणे ओळखण्यास शिकले, तेच घरी भावाच्या वा मित्राच्या खोलीत पहिले साक्षीदार असते. शाळेतील पेटी ही केवळ शाळेपुरती नाही. ती घराघरांत पोहोचणारी शिकवण आहे.

आपले कर्तव्य

या साऱ्याची जशीच्या तशी नक्कल आपल्याकडे करावी, असे माझे म्हणणे नाही. आपल्या बहुसंख्य शाळांत परिचारिकेचे पदच नाही. नॅलोक्सोन येथे इंजेक्शनच्या रूपात डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते. आणि अमेरिकेतील बनावट गोळ्यांसारखे संकट आपल्या शाळांपुढे उभे आहे असे म्हणण्यास आज आधार नाही. परंतु निश्चिंत राहण्यासही आधार नाही. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अहिफेनवर्गीय द्रव्ये वापरतात असा अंदाज आहे. १० ते १७ वयोगटात हे प्रमाण १.८ टक्के आढळले. ट्रामाडोल या वेदनाशामकाला २०१८ साली अमली द्रव्य कायद्याखाली आणावे लागले, यावरूनही वारा कोठून वाहतो ते कळते.

औषधालयांच्या चालकांना एक विनंती. अहिफेनयुक्त कल्पांकडे ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ या दृष्टीने पाहणे सोडावे. कामिनीविद्रावण रसासारख्या गोळ्यांच्या सवयीने जडलेल्या व्यसनाची प्रकरणे देशात व परदेशांत वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली आहेत. त्या गोळीतील मॉर्फिन आणि रुग्णालयातील मॉर्फिन यांत शरीर भेद करीत नाही. असे कल्प वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नयेत, वेगळ्या कपाटात कुलपात ठेवावेत, त्यांची नोंद ठेवावी आणि लहान मुले असलेल्या घरात ते जात असतील तर स्पष्ट ताकीद द्यावी. उतारा हाताशी हवा आणि विष हाताबाहेर हवे; या दोन्ही गोष्टी एकाच कर्तव्याच्या बाजू आहेत.

वैद्यबंधू-भगिनींना दुसरी विनंती. अहिफेनयुक्त औषध घेतलेला, वा तसा संशय असलेला रुग्ण मंद श्वास आणि टाचणीएवढ्या बाहुलीसह समोर आला, तर घरगुती उपायांत वेळ न घालविता त्याला नॅलोक्सोन उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ हलवावे. दरम्यान श्वासमार्ग मोकळा ठेवावा. आपल्या विभागातील कोणत्या रुग्णालयात हे औषध असते, याची चौकशी आजच करून ठेवावी. गरज पडल्यावर चौकशी करावयाची नसते.

अमेरिकेत आयुर्वेदाला कोणत्याही राज्याचा वैद्यकीय परवाना नाही. तेथे काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी या प्रश्नात चिकित्सक म्हणून नव्हे, तर जाणते पालक व नागरिक म्हणून उतरावे. शाळेच्या पालकसभेत ही पेटी कोठे आहे, किती जणांना ती वापरता येते आणि मुदत कधी संपते, हे तीन प्रश्न त्यांनी जरूर विचारावेत. दूरध्वनीवर विचारणाऱ्या लेकीसुनांना आपणही नि:शंकपणे सांगावे की, शाळेत हे औषध असणे हे शाळा वाईट असल्याचे लक्षण नसून शाळा सावध असल्याचे लक्षण आहे. संमतिपत्र आले तर त्यावर सही करावी आणि ते कसे वापरावयाचे हे स्वतःही शिकून घ्यावे.

कोणत्या संप्रदायाच्या औषधाने प्राण वाचला, हा प्रश्न प्राण वाचल्यानंतरचा आहे. संघटनेच्या आगामी वार्षिक सभेत आत्ययिक प्रसंगातील वैद्यांची भूमिका आणि अहिफेनयुक्त कल्पांच्या विक्रीची आचारसंहिता या दोन विषयांवर चर्चा व्हावी, अशी सूचना मी या लेखाद्वारे करीत आहे. सभासदांनी आपले अनुकूल वा प्रतिकूल मत संपादक मंडळाकडे अवश्य कळवावे.